मोठ्या कॅलिबरची काडतुसे व त्यांचे घटक (अमेरिकी राज्यांचे कायदे)

रायफलीच्या काडतुसाचे घटक चार : गोळी, पुंगळी, प्राइमर (दारू पेटवणारी टोपी) व धूम्रहीन दारू. अमेरिकेत हे घटक सुटे विकले जातात आणि हौशी नेमबाज घरी काडतुसे भरतात. कॅलिबर म्हणजे नळीचा व्यास; ‘मोठे कॅलिबर’ म्हणजे व्यवहारात .५० बीएमजी (ब्राउनिंग मशीनगन) काडतूस (१२.७ × ९९ मिमी.). मराठी ‘दारूगोळा’ शब्दात दारू आणि गोळा शेजारी असतात. अमेरिकी राज्यांच्या व्याख्यांत मात्र सुटी दारू किंवा सुटी गोळी म्हणजे दारूगोळा की नाही, यावरच विक्रीचे सारे नियम फिरतात.

मूळ व मोजमाप : हे काडतूस पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आकाराला आले आणि साधारणतः १९२१ पासून अमेरिकी सैन्यात रूढ झाले. जर्मनांच्या १३.२ मिमी. रणगाडाविरोधी काडतुसावरून ते घेतले, असे काही लेखक मानतात. अमेरिकी सैन्याच्या .३०-०६ रायफल काडतुसाचाच आराखडा मोठा करून ते सिद्ध झाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जर्मन नमुन्याचा प्रभाव नंतरच्या सुधारणांपुरता असावा. कायद्याच्या दृष्टीने नळीचे माप महत्त्वाचे आहे. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार अर्ध्या इंचाहून अधिक व्यासाच्या नळीचे शस्त्र ‘विध्वंसक साधन’ ठरते. क्रीडोपयोगी शस्त्रांना सूट मिळू शकते. .५० बीएमजीच्या गोळीचा व्यास ०.५१० इंच असतो, पण नळीचा व्यास खाचांमधील उंचवट्यांवर मोजतात आणि तो ०.५०० इंच भरतो. म्हणून ही रायफल मर्यादेच्या काठावर, पण आतल्या बाजूला राहते.

संघीय कायदा : संघीय व्याख्येत पुंगळी, प्राइमर, गोळी व दारू हे सर्व सुटेपणीही दारूगोळाच आहेत. त्यामुळे बंदूक बाळगण्यास अपात्र व्यक्तीला नुसत्या गोळ्यांचा डबा बाळगणेही गुन्हा ठरतो. १९६८ मध्ये आंतरराज्य टपालविक्रीवर घातलेले निर्बंध १९८६ च्या दुरुस्तीने उठले व नुसत्या विक्रीसाठी परवान्याची अट गेली. उत्पादन व आयातीसाठी ती कायम आहे.

कॅलिफोर्निया : येथील तरतुदी सर्वांत तपशीलवार आहेत. २००४ मध्ये संमत व १ जानेवारी २००५ पासून लागू झालेल्या कायद्याने .५० बीएमजी रायफलींवर बंदी आली. आधीच्या मालकांना ३० एप्रिल २००६ पर्यंत नोंदणीची मुभा होती. कायद्यातील काडतुसाची व्याख्या चार मापांची आहे : एकूण लांबी ५.५४ इंच, गोळीचा व्यास ०.५१० ते ०.५११, पुंगळीच्या बुडाचा व्यास ०.८०० ते ०.८०४ आणि पुंगळीची लांबी ३.९१ इंच. ही व्याख्या रायफल ओळखण्यासाठी आहे. काडतुसावर या कायद्याने बंदी नाही. इतक्या काटेकोर मापांचा परिणाम अपेक्षितच होता. पुंगळीचा खांदा (तोंडाजवळचा उतार) बदललेले .५१० डीटीसी काडतूस तीच गोळी वापरते, पण त्याच्या चेंबरमध्ये (नळीतील काडतूस बसण्याच्या जागेत) .५० बीएमजी बसत नाही. .४१६ बॅरेट (२००५) हेही या बंदीतून निघाले असे म्हणतात. लांब पल्ल्यावरील कामगिरी हे कारण तितकेच सबळ दिसते.

विक्रीच्या नियमांपुरता येथे दारूगोळा म्हणजे भरलेले काडतूस. ते परवानाधारक विक्रेत्यामार्फत समक्षच घ्यावे लागते (२०१८) आणि जुलै २०१९ पासून खरेदीदाराची पार्श्वभूमी-तपासणीही आली. या तपासणीवर दीर्घ न्यायालयीन वाद चालला आहे. सुटे घटक या नियमांबाहेर राहतात. अपात्र व्यक्तींसंबंधीच्या कलमात मात्र सुटी गोळीही दारूगोळ्यात मोजली जाते. ट्रेसर (उडताना उजेडाची रेघ दाखवणाऱ्या) व आगलाव्या गोळ्या तर ‘विध्वंसक साधन’ आहेत आणि त्यासाठी पुंगळी किंवा दारू सोबत असण्याची गरज नाही. जुन्या लष्करी मालातून काढलेल्या गोळ्या घेणारे येथेच चुकतात. काळे टोक कवचभेदी, रुपेरी टोक कवचभेदी-आगलावे, लाल किंवा तपकिरी बहुधा ट्रेसर. रंग खरवडला गेला की ओळख पटत नाही.

इतर राज्ये : इलिनॉयने १० जानेवारी २०२३ च्या कायद्याने रायफलीबरोबर .५० बीएमजी काडतूसही बंदीत आणले. कायम निष्क्रिय केलेल्या शोभेच्या वस्तू वगळल्या आहेत. मॅसॅच्युसेट्स व कोलंबिया जिल्हा (हे राज्य नव्हे) यांच्या व्याख्येत चारही घटक येतात, म्हणून तिथे नुसत्या प्राइमरसाठीही कागदपत्रे लागतात. बहुसंख्य राज्यांत वेगळा नियम नाही. टेनेसीने २०१६ मध्ये बॅरेट या .५० बीएमजी रायफलीला राज्यचिन्हाचा मान दिला.

पाठवणी : गोळ्या व रिकाम्या पुंगळ्या अमेरिकी टपालाने जातात, दारू, प्राइमर व भरलेली काडतुसे जात नाहीत. नेहमीची चूक म्हणजे प्राइमर बसवलेली पुंगळी ‘रिकामी’ समजून टपालात टाकणे. वाहतूक नियमांत ती स्फोटक वर्ग १.४एस मध्ये मोडते (संयुक्त राष्ट्रांचा धोकादायक माल क्रमांक यूएन ००५५). भरलेल्या काडतुसांना ‘मर्यादित प्रमाण’ ही सवलत १२.७ मिमी. पर्यंतच मिळते व खोक्याचे एकूण वजन ३० किग्रॅ. च्या आत लागते. एक काडतूस साधारण ११५ ते १२० ग्रॅ. असल्याने खोक्यात दोनशेहून थोडीच अधिक मावतात. धूम्रहीन दारू ज्वालाग्राही घन (वर्ग ४.१) म्हणून पाठवता येते, पण आतील डबा ३.६ किग्रॅ. व एका वाहनात एकूण ४५.४ किग्रॅ. एवढीच. एका काडतुसाला सुमारे १५ ग्रॅ. दारू लागते, म्हणजे एक मोठा डबा अंदाजे २४० काडतुसांना पुरतो.