लिफ्ट लाईव्ह की पीटीओ लाईव्ह? जुना ट्रॅक्टर घेताना होणारी गल्लत

जुन्या ट्रॅक्टरच्या व्यवहारात "लाईव्ह आहे, दादा" हे वाक्य हमखास कानावर पडतं. मुरबाड-शहापूरकडे पावसाआधी सेकंड हँड ट्रॅक्टरची चौकशी सुरू झाली की विकणारा हे सांगतो, घेणारा मान डोलावतो, आणि नक्की काय लाईव्ह आहे हे विचारायचं राहून जातं. लाईव्ह असू शकणाऱ्या गोष्टी दोन आहेत. एक हायड्रॉलिक, म्हणजे मागचं अवजार वर-खाली करणारी लिफ्ट उचलणारा तेलाचा पंप. दुसरी पीटीओ (पॉवर टेक ऑफ), म्हणजे मागे रोटाव्हेटरसारखं, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती फोडणारं, अवजार फिरवणारा शाफ्ट. एक लाईव्ह असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही. नुसता नांगर ओढायचा असेल तर याने फारसं बिघडत नाही. पण मागचं अवजार फिरतंय आणि त्याच वेळी ते उचलायचंय, असं काम असेल तर हे आधी कळलेलं बरं.

क्लच दाबल्यावरही जे चालू राहतं ते लाईव्ह. एवढाच त्याचा अर्थ.

हायड्रॉलिकचं आधी बघू, कारण ते सोपं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंप इंजिनच्या गिअरवर बसवलेला असतो. इंजिन सुरू तोवर पंप सुरू, क्लचशी त्याचा संबंध नाही. ही झाली लाईव्ह हायड्रॉलिक. पूर्वी असं नव्हतं. १९४६ च्या फर्ग्युसन टीई-२० मध्ये पंप पीटीओच्या शाफ्टवर फिरायचा. पीटीओचा लिव्हर टाकल्याशिवाय लिफ्ट उचलत नसे, आणि क्लच दाबला की चाकं, पीटीओ, लिफ्ट तिन्ही एकदम बंद. फोर्डने १९५३ च्या जुबिली मॉडेलात पंप इंजिनवर आणला. मॅसी फर्ग्युसन ३५ च्या घराण्यातल्या ट्रॅक्टरांत मात्र पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो आणि त्याला फिरवतो पीटीओच्याच बाजूचा शाफ्ट. हे ट्रॅक्टर आजही आपल्या गावांत भरपूर आहेत. त्यांत सिंगल क्लच असेल तर क्लच दाबताच लिफ्टही थांबते.

पीटीओचं प्रकरण क्लचमध्ये आहे. सिंगल क्लचमध्ये इंजिनची ताकद एकाच प्लेटमधून गिअरबॉक्सला आणि पीटीओला जाते, त्यामुळे पाय दाबला की दोन्ही तुटतात. डबल क्लचमध्ये दोन प्लेटा असतात. पेडल अर्धं दाबलं की फक्त चाकं सुटतात, पूर्ण दाबलं की पीटीओही सुटतो. हा लाईव्ह पीटीओ. नव्या ट्रॅक्टरांत पीटीओला वेगळा क्लच आणि वेगळा लिव्हरही मिळतो, पण जुन्या मालात तो क्वचितच दिसतो.

आता खाचरात उतरू. आवणीआधीची, म्हणजे भातलावणीआधीची चिखलणी चालू आहे, मागे रोटाव्हेटर, आणि समोर बांध आला. लाईव्ह पंप पण सिंगल क्लच असलेल्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर क्लच दाबतो. रोटर थांबतो, लिफ्ट चालू असते, अवजार वर येतं, तो वळतो. काम होतं. पण मध्येच राबाच्या मुळ्या किंवा पेंढा पात्यांत गुंतला तर अडचण होते. गाडी थांबवून रोटर मोकळा फिरवावा म्हटलं तर क्लच दाबताच रोटरही थांबतो, मग न्यूट्रल करा, पुन्हा सोडा. डबल क्लचवाला अर्ध्या पेडलवर गाडी उभी करतो, रोटर फिरत राहतो, चिखल उडून पाती मोकळी होतात, की पुढे निघाला. गुडघाभर चिखलात एकदा थांबलेला ट्रॅक्टर पुन्हा निघताना चाक जागीच खोदतो, म्हणून हा फरक मला मोठा वाटतो. आणि ज्यांचा पंप पीटीओच्या शाफ्टवर आहे, त्यांनी उलटा क्रम अंगवळणी पाडावा: बांध यायच्या आधीच, क्लच न दाबता लिफ्ट उचलायची. आधी क्लच दाबला तर लिव्हर कितीही ओढा, अवजार जमिनीतच राहणार.

उचलतानाही पूर्ण वर नेऊ नये. रोटाव्हेटर जास्त वर गेला की शाफ्टच्या क्रॉसला, म्हणजे त्याच्या वळणाऱ्या सांध्याला, जास्त कोन पडतो आणि टक-टक-टक असा ठोका ऐकू येतो. तो आवाज आला की एकतर लिफ्ट खाली घ्या, नाहीतर पीटीओ बंद करा. क्रॉस तुटून शाफ्ट सुटला तर मागे उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

याहून मोठा धोका गवत कापायच्या स्लॅशरचा आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. स्लॅशरचं पातं जड असतं, एकदा वेगात आलं की लगेच थांबत नाही. सिंगल क्लचवर तुम्ही क्लच दाबता तेव्हा इंजिन सुटतं, पण पीटीओ आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडलेलेच असतात. मग फिरणारं पातं उलट्या वाटेने गिअरबॉक्सला, आणि गिअरबॉक्स चाकांना ढकलतो. क्लच पूर्ण दाबलाय, तरी ट्रॅक्टर पुढे जातोय. समोर विहीर असो, कुंपण असो की माणूस. यावर उपाय म्हणजे पीटीओच्या तोंडावर एकाच दिशेने ताकद देणारं ओव्हररनिंग कपलिंग. सिंगल क्लचवर स्लॅशर लावणाऱ्याने ते बसवल्याशिवाय काम सुरूच करू नये. डबल क्लचमध्ये दोन्ही वाटा वेगळ्या असल्याने पात्याचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही.

दोन्ही लाईव्ह असले तरी ताकद एकाच इंजिनची असते. मिनिटाला २० लिटर तेल १५० बार दाबाने ढकलायचं तर साधारण ५ किलोवॅट, म्हणजे पावणेसात हॉर्सपॉवर लागते. लिफ्ट उचलायला काही सेकंदच लागतात, तेवढं जाणवत नाही. पण लिव्हर टोकाला अडकून राहिला आणि रिलीफ व्हॉल्व, म्हणजे जादा दाबाचं तेल सोडून देणारा व्हॉल्व, सतत शिट्टी मारत राहिला, तर ३५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरची ही ताकद विनाकारण तेल तापवण्यात जाते आणि रोटाव्हेटर दमतो. तो आवाज आला की लिव्हर थोडा खाली घ्यावा.

भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर हायड्रॉलिक ट्रॉली चालवणाऱ्यांना पीटीओपेक्षा पंपच महत्त्वाचा. माती ओतताना ट्रॉली उचलत उचलत गाडी थोडी पुढे घ्यावी लागते, त्यात क्लच येतोच. पंप लाईव्ह नसेल तर त्या क्षणी ट्रॉली आहे तिथे थांबते. शिवाय बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचं आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. ट्रॉलीच्या जॅकमध्ये तेल गेलं की आतली पातळी उतरते, पंप हवा ओढतो आणि ट्रॉली धक्के खात वर जाते. अशा वेळी पंप खराब आहे असं ठरवून तो खोलायच्या आधी तेलाची पट्टी बघा.

तपासणी अशी करा. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल गरम होऊ द्या, कारण झिजलेला पंप गार तेलावर बरा वाटतो आणि तापल्यावर ढिला पडतो. गिअर न्यूट्रल, मागे वजनदार अवजार. क्लच पूर्ण दाबून धरा आणि लिफ्ट उचला. उचलली तर हायड्रॉलिक लाईव्ह. मग पीटीओ टाका, क्लच हळूहळू दाबत जा आणि दुसऱ्याला लांबून शाफ्ट बघायला सांगा. अर्ध्यावर पेडल जड होऊन एक टप्पा लागला आणि शाफ्ट फिरत राहिला, तर डबल क्लच. पूर्ण दाबूनही पीटीओ टाकताना करकर होत असेल तर दुसरी प्लेट नीट सुटत नाही, म्हणजे क्लचचं काम निघणार. तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. इंजिन बंद केल्यावर उचललेलं अवजार हळूहळू खाली बसतं, तो दोष मात्र लिफ्टच्या सिलिंडरच्या सीलचा किंवा व्हॉल्वचा. त्याचा लाईव्हशी काही संबंध नाही.

माझं मत विचाराल तर केज व्हीलने (लोखंडी पिंजऱ्यासारख्या चाकांनी) चिखलणी आणि ट्रॉली एवढंच काम असलेल्याने डबल क्लचसाठी जास्त पैसे घालू नयेत, इंजिनवरचा पंप असलेला सिंगल क्लच पुरतो. रोटाव्हेटर, स्लॅशर किंवा पेंढ्याच्या गाठी बांधणारा बेलर लावायचा असेल तर डबल क्लचच घ्या. "आत्ता सिंगल घ्या, पुढे डबल बसवून देतो" असं कोणी म्हणालं तर त्यावर जाऊ नका. डबल क्लचला पीटीओसाठी गिअरबॉक्समध्ये शाफ्टात शाफ्ट घातलेली वेगळी रचना लागते. नुसती प्लेट बदलून ती मिळत नाही, अर्धा ट्रॅक्टर उघडावा लागतो.