'तुरळक' म्हणजे किती?

जूनची अखेर, दारव्हा तालुक्यातला पानठेला. मोबाइलवर बातमी वाजली: 'विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, यलो अलर्ट.'

सरकी टोबून बसलेला माझा चुलतभाऊ म्हणाला, "तुरळक म्हंजे शिडकावाच. कोंब काई निघत नाई याच्यानं." काकांची सोयाबीनची बॅग अजून घरातच. ते म्हणाले, "पानी सांगतलं न बाप्पा, उद्या पेरून टाकतो." ठेलेवाला हसला, "हे सांगतेत तवा कोरडंच जाते."

जमैकात जन्मलेले संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये बर्मिंगहॅमला ऐकण्याच्या अशाच तीन तऱ्हा मांडल्या. कुणी संदेश सांगितला तसा स्वीकारतो, कुणी आपल्या परिस्थितीप्रमाणे वळवून घेतो, कुणी सरळ उलटा लावतो. त्यांचा रोख टीव्ही आणि सत्तेवर होता. पावसाला ते लावायचं धाडस माझं.

खरी गंमत 'तुरळक'मध्ये आहे. आपण हा शब्द ऐकून पाऊस किती पडेल ते ठरवतो. हवामान खातं मात्र तो किती जागी पडेल ते सांगत असतं. विदर्भ हा त्यांचा एक उपविभाग. त्यातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी पर्जन्यमापक केंद्रांवर पाऊस, म्हणजे तुरळक. २६ ते ५० टक्के, म्हणजे काही ठिकाणी. त्या मोजक्या जागी ढगफुटीसारखा कोसळला तरी शब्द तुरळकच! यलोचंही तसंच. तो रंग पावसाचं माप नाही, 'लक्ष ठेवा' एवढी सूचना आहे. वीज यलोतही पडते.

हे आपल्याकडचंच अडाणीपण समजू नका. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर आणि सहकाऱ्यांनी पाच शहरांत विचारलं, 'उद्या पावसाची शक्यता ३० टक्के' म्हणजे काय? २००५ मध्ये निष्कर्ष छापले. बर्लिन, मिलान, अथेन्स, ॲमस्टरडॅममध्ये सर्वाधिक पसंती 'उद्या ३० टक्के वेळ पाऊस' या अर्थाला. आजच्यासारखं हवामान असलेल्या दहा दिवसांपैकी तीन वेळा दुसऱ्या दिवशी पाऊस, हा खरा अर्थ. तो बहुसंख्यांना कळला फक्त न्यूयॉर्कमध्ये. टक्के कशाचे, हे बातमीत कुणी सांगतच नाही.

भेंडवळच्या घटमांडणीत, म्हणजे धान्य मांडून वर्तवलेल्या पारंपरिक भाकितात, 'पाऊस साधारण' निघालं, की जो तो ते आपल्या शिवाराला लावतो. ती चुकणार कशी? 'तुरळक' निदान पर्जन्यमापकं मोजून पडताळता येतं.

मी ठेलेवाल्याला म्हटलं, चार पानं मांड, एकालाच कात लाव. हे तुरळक. काका बराच वेळ पानांकडे पाहत राहिले.

"समजलं. पन माह्यं वावर कोनत्या पानात येते?"