चार पावसाळे गेले म्हणून जमीन शुद्ध होत नाही

जालना असो की नांदेड, बंद कारखान्याच्या जागेवर मैदान किंवा बाग करायचं म्हटलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चार पावसाळे गेलेत, जमीन कधीच शुद्ध झाली." हे चूक आहे.

क्रोमियम, शिसं, कॅडमियम हे धातू कुजत नाहीत. शिसं बहुधा वरच्या थरातच चिकटून बसतं, म्हणजे नेमकं मुलं खेळतात तिथं. मुलामा देण्याच्या कामातलं षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं पाण्यात विरघळणारं विषारी रूप, मात्र पाण्याबरोबर चालतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हात आत जाईल इतकी. पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो, मुरमातून फुटक्या काळ्या पाषाणात आणि तिथून विहिरीत, बोअरमध्ये. म्हणजे पाऊस विष धूत नाही, शेजाऱ्याकडं पोचवतो. भोपाळचा कारखाना 1984 साली बंद पडला. तिथला 337 टन कचरा उचलायला 2025 उजाडलं.

वर दोन फूट माती टाकणं हाही पुरता इलाज नाही. खालचं पाणी तसंच राहतं. आधी माती आणि पाणी, दोन्ही तपासायला हवं. मग जागेचा वापर ठरवावा: फरसबंद सभागृहाला चालेल ती जमीन बालवाडीच्या अंगणाला चालेलच असं नाही. जिथं गरज असेल तिथली माती खोदून काढावीच लागते.

खर्च कुणाचा? दूषित जागांसाठी केंद्राचे 2025 चे नियम आहेत. प्रदूषण करणारा सापडला, तर खर्च त्याच्याकडून वसूल होतो. ग्रामसभेत हा प्रश्न जरूर विचारा.