काळ्या घोड्याचे अड्डे

काळ्या घोड्याचे अड्डे : दक्षिण मुंबईतील काळा घोडा परिसरातल्या उपाहारगृहांत चित्रकार, जाहिरात एजन्सींतले कमर्शियल आर्टिस्ट, कवी, छपाईतले आणि गॅलऱ्यांतले लोक साधारण १९४० च्या दशकापासून पुढची साठ-सत्तर वर्षे अवांतर गप्पा मारत बसले. ती प्रथा आणि त्या जागा, दोन्हींना मिळून इथे अड्डे म्हटले आहे. हा प्रकार संस्था म्हणावी इतका शिस्तीचा कधीच नव्हता. सभासद नाहीत, अध्यक्ष नाही, इतिवृत्त नाही. तरी त्याची नोंद घ्यावी लागते, कारण मुंबईच्या आधुनिक चित्रकलेतली आणि मराठी-इंग्रजी कवितेतली बरीच माणसे इथल्या दोन-चार टेबलांवर एकमेकांना सापडली.

परिसराचे नाव एका पुतळ्यावरून पडले. पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा आल्बर्ट ससून यांनी शहराला दिला. तो जोसेफ एडगर बोहम यांनी घडवला आणि १८७९ मध्ये इथे बसवला गेला. पुतळा ब्राँझचा, दिसायला काळा. लोकांनी राजपुत्राला सोडून घोडा तेवढा लक्षात ठेवला. १९६५ मध्ये पुतळा हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळच्या संग्रहालयाच्या आवारात नेला, पण नाव इथेच राहिले. म्हणजे या अड्ड्यांचा सगळ्यात बहरातला काळ घोडा नसतानाचा आहे.

अवांतर म्हणजे मूळ विषय सोडून. अड्ड्यावर मूळ विषय कुठला, हे मात्र कोणालाच सांगता आले नसते. घरोघरच्या शिळोप्याच्या गप्पा कामे उरकल्यावर, हातपाय धुऊन झाल्यावरच्या असतात. इथल्या गप्पा काम अर्धवट टाकून मारलेल्या. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्हस्की यांनी १९२३ मध्ये, माहिती देण्याघेण्यासाठी नव्हे तर निव्वळ सोबत टिकवण्यासाठी होणाऱ्या बोलण्याला वेगळे नाव दिले होते. हवापाण्याच्या चौकशा त्यात येतात. काळ्या घोड्यावर तेही होतेच, पण तिथला बराच ऐवज वादाचा होता आणि वाद बहुधा ज्याच्याशी आपला पोटापाण्याचा संबंध नाही अशाच गोष्टीवर पेटायचा.

हे याच भागात का झाले, याचे एक कारण नकाशात आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेले जे. जे. स्कूल ऑफ आर्ट इथून चालत जाण्याच्या अंतरावर. फोर्टात वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, जाहिरात एजन्सी, छापखाने, चित्रांचे छपाईचे ठसे करणारे ब्लॉकमेकर. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे वाट पाहणे. कॉम्प्युटर येण्यापूर्वी जाहिरातीचे एक पान तयार व्हायचे तर मजकूर कंपोझला जाई, फोटोचा ब्लॉक करायला टाकावा लागे, पुढे ब्रोमाइड (फोटोच्या कागदावरची प्रत) आले तरी ते धुऊन, वाळून हातात पडायला वेळ लागेच. मग ते कापून, रबर सोल्युशनने चिकटवून आर्टवर्क उभे राहणार. तोवर आर्टिस्टने करायचे काय? प्रूफ चारला मिळणार असेल तर अडीचला परत टेबलाशी बसण्यात अर्थ नसे. तो खाली उतरे आणि चहाला जाई. आपल्याकडे गप्पांना रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतात. इथे त्या कामाच्या फटीत उगवलेल्या होत्या.

सुरुवातीचा धागा युरोपातून आलेल्या निर्वासितांपर्यंत जातो. नात्सींच्या काळात ऑस्ट्रियातून मुंबईत आलेले वॉल्टर लांगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात आर्ट डायरेक्टर होते. त्यांच्या नेपियन सी रोडच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत. रंग, छापील चित्रे आणि युरोपातल्या गोष्टी, सगळे एकत्रच मिळे. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्यामागे या बैठकांची ऊब होती. त्याच वर्तुळातले रुडॉल्फ फॉन लायडन जर्मन. ते कलासमीक्षा लिहीत आणि डेनली या नावाने व्यंगचित्रे काढत. त्यांचा खरा नाद मात्र गंजिफा. हाताने रंगवलेल्या या गोल पत्त्यांचा त्यांनी आयुष्यभर संग्रह आणि अभ्यास केला आणि आपल्या सावंतवाडीच्या गंजिफेचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्यांच्या लिखाणाला वळसा घालून जाता येत नाही. जर्मन माणूस, नोकरी मुंबईत, आणि जीव अडकला दशावतारी पत्त्यांत. अवांतर कुठवर जाते याचे हे उदाहरण.

रॅम्पार्ट रोवर १९४६ मध्ये सुधाकर दीक्षित यांनी चेतना सुरू केले. शाकाहारी जेवण, पुस्तकांचे दुकान आणि चित्रांना जागा असा तिहेरी कारभार. प्रोग्रेसिव्ह मंडळींचे तिथे येणे-जाणे होते. खेतवाडीतले अद्वैताचे गुरू निसर्गदत्त महाराज यांच्या मराठी संवादांचे इंग्रजी पुस्तक पुढे १९७३ मध्ये याच चेतनाने काढले. एकाच छपराखाली थाळी, कॅनव्हास आणि अद्वैत.

१९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली आणि अड्ड्याला पक्का पत्ता मिळाला. १९६३ मध्ये केकू गांधी यांची केमोल्ड गॅलरी पहिल्या मजल्यावर आली. मूळ धंदा चित्रांच्या चौकटींचा, त्यामुळे चित्रकारांशी ओळख जुनी. १९६४ मध्ये खाली उषा खन्ना यांनी सामोवार उघडले. ते हॉटेल कमी आणि बोळ जास्त. आगगाडीच्या डायनिंग कारसारखे लांबट, अरुंद, एका अंगाला गॅलरीची भिंत आणि दुसऱ्या अंगाला शेजारच्या म्युझियमची हिरवळ. इतक्या चिंचोळ्या जागेत खासगी बोलणे अशक्यच. मागच्या टेबलावर कोणी कोणाच्या प्रदर्शनाची सालटी काढत असेल तर ती पुढच्या टेबलावर पराठ्याबरोबर आपोआप वाढली जात. सारणाचे पराठे, पुदिन्याचा चहा आणि पेरूचा रस यांची आठवण जुने लोक अजून काढतात. हुसेन तिथे नेहमीचे. त्यांच्या शेजारच्या टेबलावर आयुष्यातले पहिले प्रदर्शन लावून, आज तरी एखादे लाल टिकलीचे चित्र होईल का या चिंतेत बसलेला जे. जे.चा पोरगा. (चित्र विकले गेले की त्याच्या बाजूला लाल टिकली लावतात. ती शोधत वर जायचे आणि खाली येऊन पुन्हा चहा सांगायचा.) सगळ्यांच्या खिशाला सामोवार परवडे असे मात्र नाही. अनेकांचे अवांतर फोर्टातल्या इराण्याच्या संगमरवरी टेबलावर किंवा फुटपाथवर कटिंग घेत उभ्याउभ्याच चाले.

समोरच्या बाजूला वेसाइड इन हे उपाहारगृह होते. डॉ. आंबेडकर इथे बसून लिहीत, राज्यघटनेच्या मसुद्याचे काही काम त्यांनी इथल्या टेबलावर केले, असे सांगितले जाते. पण अड्डा म्हणून ही जागा ओळखली जाते ती अरुण कोलटकरांमुळे. कोलटकर कोल्हापूरचे, शिकले जे. जे.त आणि पोट भरले जाहिरातीवर. साधेसुधे नव्हे, कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्डचा म्हणजे कॅगचा पुरस्कार सहा वेळा आणि वर त्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा. मराठी वाचकाला ते कवी म्हणून ठाऊक असतात आणि एजन्सीवाल्यांना आर्ट डायरेक्टर म्हणून. या दोन्ही गटांना एकमेकांच्या कोलटकरांची पुरेशी कल्पना नसे, ही गंमतच.

कोलटकरांच्या घरी फोन नव्हता. त्यांना गाठायचे तर गुरुवारी दुपारी वेसाइड इनमध्ये जायचे. लेखक-प्रकाशक अशोक शहाणे, कवी अदिल जस्सावाला यांच्यासारखे मित्र तिथे असत. आठवड्यातला एक वार, एक ठिकाण, निमंत्रण नाही. आलात तर खुर्ची ओढा. बोलणे मराठीत सुरू होऊन इंग्रजीत शिरे आणि मुंबईच्या हिंदीतून बाहेर पडे, आणि या तिन्ही भाषांत कोलटकरांनी कविता लिहिल्या. पखवाजाचाही त्यांना नाद. तो ते अर्जुन शेजवळांकडे शिकले. लेआउटवाला माणूस धा-धिंना करतो आहे याचे या टेबलावर कोणाला नवल वाटत नसावे.

गप्पांतून काहीतरी निष्पन्न व्हावे अशी अपेक्षा धरणे अड्ड्याच्या प्रकृतीला मानवत नाही. तरी दोन गोष्टी सांगायला हव्यात. १९७६ च्या सुमारास कोलटकर, जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चौघा कवींनी क्लिअरिंग हाउस नावाने स्वतःच कवितेची पुस्तके छापायला घेतली. मुखपृष्ठे कोलटकरांची. मित्रांनी एकत्र बसल्याशिवाय असला तोट्यातला उद्योग सुचत नाही. दुसरी गोष्ट वेसाइड इनच्या खिडकीची. बाहेर रस्त्याच्या मधोमध त्रिकोणी बेट, त्यावर कुत्री, कचरा वेचणाऱ्या बाया, सकाळच्या इडल्या वाटून घेणारे लोक. बोलण्याच्या मध्ये, एखादा मित्र साखर ढवळत असताना, कोलटकर त्या खिडकीतून बघत राहिले ते वर्षानुवर्षे. त्याचे काला घोडा पोएम्स हे इंग्रजी कवितांचे पुस्तक झाले, २००४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या काही आठवडे आधी. पहिल्याच कवितेत ते बेट आहे आणि त्यावर पहुडलेले कुत्रे बोलते आहे.

वेसाइड इन त्याच्या थोडे आधी, नव्या शतकाच्या सुरुवातीला, बंद झाले. गुरुवारची मंडळी फोर्टातल्या मिलिटरी कॅफे या इराण्याकडे सरकली. वार तोच ठेवला. केमोल्ड २००७ मध्ये जहांगीरमधून हलली. सामोवार ३१ मार्च २०१५ ला बंद झाले आणि शेवटच्या दिवसांत लोकांनी रांगा लावून पराठे खाल्ले. पुढल्या वर्षी शेजारचे रिदम हाउसही गेले, जिथे रेकॉर्ड चाळता चाळता ओळखी होत. जागेचे भाव हे कारण सगळे सांगतात आणि ते खरेच आहे. पण नुसती जागा राखून अड्डा राहिला असता असे मला वाटत नाही. नव्वदच्या दशकात आर्टवर्क पडद्यावर होऊ लागले, ब्लॉकमेकर आणि ब्रोमाइड दोन्ही हद्दपार झाले आणि दुपारची ती फट बुजली. एजन्सीही फोर्ट सोडून लोअर परळ-अंधेरीकडे पांगल्या. आता बदल सांगायला क्लायंटला प्रूफची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे आर्टिस्टलाही खाली उतरता येत नाही.

१९९९ पासून दर फेब्रुवारीत इथे कला महोत्सव भरतो. त्याला प्रचंड गर्दी असते आणि त्या गर्दीत गप्पा सोडून बाकी सगळे करता येते. २०१७ मध्ये चौकात पुन्हा एक काळा घोडा बसवला, या खेपेला स्वाराशिवाय. काही न मागवता निवांत बसता येईल असे ठिकाण आज या भागात विचाराल तर १८७० सालच्या इमारतीतली डेव्हिड ससून लायब्ररी. वर व्हरांड्यात लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत, दुपारी सभासद त्यांत पाय पसरून पेपर तोंडावर घेतात. बोलायला मात्र बंदी आहे.