ब्रिटनमधली स्टॉक कार आणि हॉट रॉड रेसिंग

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये पाव मैलाच्या, म्हणजे साधारण चारशे मीटरच्या लंबगोल ट्रॅकवर गाड्या पळवायचा एक जुना खेळ आहे, त्याला तिकडे शॉर्ट ओव्हल रेसिंग म्हणतात, आणि त्यातले लोकांच्या मनात पक्के बसलेले दोन प्रकार म्हणजे स्टॉक कार आणि हॉट रॉड. दोन्ही नावं अमेरिकेतून आली पण अर्थ मात्र तिथला धरून चालायचं नाही. अमेरिकेत स्टॉक कार म्हटलं की नॅस्कारच्या मोठ्या ट्रॅकवरच्या शर्यती आठवतात आणि हॉट रॉड म्हणजे जुन्या फोर्डला तगडं इंजिन बसवून रस्त्यावर फिरवायची हौस. ब्रिटनमध्ये स्टॉक कार म्हणजे पुढच्याला बंपरने ढकलून बाजूला काढायची नियमातच परवानगी असलेली शर्यत, आणि हॉट रॉड म्हणजे त्याच्या बरोब्बर उलट, धक्का न मारता नुसत्या वेगावर आणि लाइनवर, म्हणजे वळण कुठल्या वाटेने घेतलं त्यावर, जिंकायची शर्यत. एकाच स्टेडियमवर, कधी कधी एकाच संध्याकाळी दोन्ही बघायला मिळतात, त्यामुळे नवीन माणूस पहिल्या दिवशी गोंधळतोच.

सुरुवात झाली ती १९५४ च्या गुड फ्रायडेला, १६ एप्रिलला, लंडनच्या न्यू क्रॉस स्टेडियमवर. डिगर प्यू नावाच्या ऑस्ट्रेलियन प्रमोटरने फ्रान्समध्ये चाललेला हा प्रकार पाहिला होता, तो त्याने इकडे आणला आणि पहिल्याच दिवशी स्टेडियम खच्चून भरलं. तेव्हाच्या गाड्या म्हणजे युद्धाच्या आधीच्या जुन्या, जड, मोठ्या सलून गाड्या, कोणालाच नको असलेल्या म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या. त्यांच्या काचा काढायच्या, पुढे मागे लोखंडी गर्डर वेल्ड करायचे, दारं बंद करून टाकायची आणि आकडा रंगवून ट्रॅकवर सोडायचं. एकेका शहरात ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींची आणि स्पीडवेची, म्हणजे बिनब्रेकच्या मोटरसायकलींची, स्टेडियम होतीच, त्यांना नवीन खेळ हवा होता, त्यामुळे वर्षभरात हे लोण देशभर पसरलं. पहिली लाट दोन-तीन वर्षांत ओसरली, पण जे उरले ते हौशी खरे होते आणि खेळ त्यांनीच पुढे नेला.

आज ज्याला ब्रिस्का एफ-१ म्हणतात ती या पहिल्या गाड्यांची थेट वारसदार. ब्रिस्का म्हणजे तिथल्या स्टॉक कार संघटनेच्या नावाचं छोटं रूप. हे एफ-१ म्हणजे टीव्हीवर दिसणारं फॉर्म्युला वन नव्हे, त्याच्याशी काही संबंध नाही. ही गाडी बाजारातून घेतलेली नसते, पाइप आणि चॅनल वेल्ड करून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, स्वतः बनवलेली असते, वर जाडजूड रोल केज, म्हणजे ड्रायव्हरभोवतीचा लोखंडी पिंजरा, पुढे मागे बंपर, डोक्यावर मोठा पत्र्याचा पंख आणि बॉनेटखाली बहुतेक वेळा अमेरिकन शेव्हरलेचं व्ही-८. तिचं धाकटं भावंड म्हणजे एफ-२, तिच्यात बरीच वर्षं फोर्डचं दोन लिटरचं पिंटो इंजिन चाललं, खर्च कमी आणि चुरस तेवढीच.

या खेळातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे छपराचे रंग. ड्रायव्हरच्या मागच्या काही मीटिंगमधल्या, म्हणजे शर्यतींच्या दिवसांतल्या, पॉइंटवरून त्याची ग्रेड ठरते आणि त्याप्रमाणे गाडीचं छप्पर किंवा पंख रंगवायचा: नवखा पांढरा, मग पिवळा, मग निळा, मग लाल, म्हणजे स्टार, आणि त्याच्याही वर सुपरस्टार, त्यांच्या लाल छपरावर लुकलुकणारे दिवे. शर्यत सुटताना पांढरे सगळ्यात पुढे आणि सुपरस्टार सगळ्यात मागे! म्हणजे जो जितका चांगला त्याला तितका जास्त रस्ता कापून पुढे यायचंय आणि मध्ये वीस-पंचवीस गाड्या आडव्या आहेत, त्यातल्या निम्म्यांना त्याला वाट द्यायचीच नाहीये. नवख्याला पण काही लॅप का होईना पुढे राहायचा हक्क मिळतो, आणि एखाद्या शनिवारी मागचे सगळे एकमेकांत अडकले की तोच जिंकूनही जातो. फायनल जिंकलेला माणूस त्याच रात्री शेवटच्या शर्यतीला, तिला ग्रँड नॅशनल म्हणतात, एक लॅप मागे पकडून सुरुवात करतो. वर्षातून एकदा वर्ल्ड फायनल होते, ती जिंकणारा पुढचं वर्षभर सोनेरी छप्पर मिरवतो, वर्षभराच्या पॉइंटमध्ये पहिला आलेल्याला चंदेरी, ब्रिटिश चॅम्पियनला काळ्या-पांढऱ्या चौकटी. लहान पोरं गाडीचा मेक विचारत नाहीत, छपराचा रंग बघतात आणि त्यांना सगळं कळतं.

आता धक्क्याबद्दल, कारण बाहेरच्या माणसाचा गैरसमज इथेच होतो. धक्का म्हणजे मोडतोड नाही. मोडतोडीसाठी वेगळा प्रकार आहे, बँगर, त्यात भंगारात जाणाऱ्या गाड्या एकमेकींवर आदळतात आणि ज्यांना ते आवडतं त्यांना ते आवडतं. स्टॉक कारमधला चांगला धक्का मोजून मारलेला असतो, वळणात शिरताना पुढच्याच्या मागच्या बंपरला आपला बंपर नेमक्या क्षणी टेकवायचा, त्याची गाडी अर्धा मीटर बाहेर सरकते, आतली जागा मोकळी होते आणि आपण निघून जातो. जोरात मारला तर तो भिंतीवर जातो पण त्याच्याबरोबर आपणही जातो. शेवटच्या लॅपच्या शेवटच्या वळणावर मात्र हिशेब बदलतो, तिथे दुसऱ्या नंबरचा ड्रायव्हर ब्रेक उशिरा दाबून पुढच्यावर स्वतःला झोकून देतो, आणि हे पुढच्यालाही माहीत असतं, स्टँडमधल्या प्रत्येकाला माहीत असतं, म्हणून शेवटच्या लॅपला सगळे उभे राहतात.

ट्रॅक दोन जातीचे, डांबरी आणि शेलचे. शेल म्हणजे लालसर दगडाचा बारीक चुरा, पाणी मारून दाबलेला. डांबरावर गाडी रुळावरून गेल्यासारखी चिकटून जाते, शेलवर ती पूर्ण वळणभर आडवी सरकत जाते. जो दोन्हीवर चालतो तो खरा ड्रायव्हर असं तिथले जुने लोक म्हणतात आणि ते खरंच आहे, कारण गाडीचं सेटिंग, टायर, वजनाची वाटणी सगळंच बदलतं, बरेच जण दोन वेगळ्या गाड्या ठेवतात.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते कॉव्हेंट्रीजवळच्या ब्रँडन स्टेडियमवर, २०१२ ला तिकडे शिकायला होतो तेव्हा. आमचे घरमालक सत्तरीचे, तरुणपणी शहरातल्या कार कारखान्यात लाइनवर होते, ट्रायम्फ हेरल्ड बनवायचे, आणि मी सांगितलं की आमच्या कोल्हापुरात माझ्या आजोबांच्या ओळखीत एक स्टँडर्ड हेरल्ड होती, मद्रासला बनलेली, तेव्हापासून त्यांची माझ्यावर मर्जी बसली. एका शनिवारी म्हणाले चल, जाड जॅकेट घाल आणि चिप्स घेतल्यास तर झाकून धर. मला वाटलं पावसाबद्दल बोलतायत. वळणावरच्या कुंपणाला टेकून उभे होतो, हिरवं निशाण पडलं, तीसेक व्ही-८ एकदम उघडले, आवाज कानात नाही तर बरगडीत ऐकू आला आणि पहिल्या लॅपलाच ओल्या लाल शेलचा एक सपकारा तोंडावर बसला. चिप्स गेल्या. दातात कचकच येत होती आणि शेजारची एक आजी शांतपणे चष्मा पुसत होती, तिच्या मांडीवर प्रोग्रॅमचं पुस्तक आणि हातात पेन.

ते पेन महत्त्वाचं. शर्यत संपली की माइकवरून निकाल फक्त आकड्यांत वाचतात, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत, आणि अख्खं स्टँड मान खाली घालून प्रोग्रॅममध्ये ते आकडे लिहून घेतं. कारण इथे ड्रायव्हरचा आकडा हीच त्याची ओळख, एकदा मिळाला की सहसा कारकीर्दभर तोच. ३९१ म्हणजे रॉचडेलचा स्टुअर्ट स्मिथ, सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन. ५३ म्हणजे जॉन लंड, आठ वेळा. ५१५ म्हणजे फ्रँकी वेनमन ज्युनियर, त्याचे वडील २१२, आणि त्याची मुलगी फीबी २११ घेऊन याच गाड्यांत उतरली. घराणी आहेत ही, आपल्याकडे तालमीत वडिलांच्या मागून पोरगा लाल मातीत उतरतो तशी. घरमालकांच्या कपाटात साठच्या दशकापासूनचे प्रोग्रॅम होते, प्रत्येकात पेन्सिलीने भरलेले आकडे, काही ठिकाणी त्यांच्या बायकोच्या अक्षरात. त्या जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि ते प्रोग्रॅम दाखवताना पान उलटायच्या आधी प्रत्येक वेळी थांबत होते.

फायनलनंतर पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या जागेत, जाता येतं. ही मुभा मोठ्या रेसिंगमध्ये सहसा मिळत नाही. ड्रायव्हर म्हणजे भंगारवाले, शेतकरी, ट्रकवाले, गॅरेजवाले, सोमवारी कामावर जाणारी माणसं, आणि ती तिथे वाकलेला ॲक्सल हातोडीने सरळ करत असतात, बाजूला बारा वर्षांचं पोरगं पाना हातात धरून उभं. वेल्डिंगचा वास, तापलेल्या तेलाचा वास, अंगावर ओरडून बोलणारी पण मदतीला धावणारी माणसं, मला तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, आमच्याकडच्या वर्कशॉपच्या वस्तीत, उभं असल्यासारखं वाटलं. अर्ध्या तासापूर्वी ज्याने भिंतीवर घातलं त्याच्याच ट्रेलरमधून दुसरा स्पेअर पार्ट मागून नेत होता आणि तो देतही होता.

हॉट रॉडचं जग जास्त शांत आणि नेटकं. १९६० च्या दशकात ते आकाराला आलं, दक्षिण इंग्लंडमध्ये स्पेडवर्थ या प्रमोटर कंपनीने ते रुजवलं. सुरुवातीला फोर्ड अँग्लिया, ती उलट्या तिरक्या मागच्या काचेवाली, मग फोर्ड एस्कॉर्टचं लांबलचक राज्य, पुढे पूजो २०५, व्हॉक्सॉल नोव्हा, टिग्रा अशा गाड्या. वरून रस्त्यावरच्या गाडीसारखी दिसते पण आत नळ्यांचा सांगाडा आणि खास बांधलेलं इंजिन. इथे धक्का मारला तर शिक्षा, त्यामुळे पुढच्याला बाहेरून वळसा घालून मागे टाकावं लागतं आणि छोट्या ओव्हलवर बाहेरची लाइन लांब पडते, म्हणून दोन गाड्या दाराला दार लावून चार-चार लॅप जातात, मध्ये हात घालायला जागा नसते. बॅरी ली हा सत्तरच्या दशकातला तारा, चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन, बोलायला पण तितकाच पटाईत. वर्ल्ड फायनल दर जुलैत इप्सविचच्या फॉक्सहॉल स्टेडियमवर होते आणि तिथे उत्तर आयर्लंडवाले बोटीने गाड्या घेऊन येतात, झेंडे, तंबू, अख्खं कुटुंब. बॅलिमेना, अगाडोई, टलीरोन हे त्यांचे घरचे ट्रॅक, आणि एवढ्याशा प्रदेशातून इतके चांगले हॉट रॉड ड्रायव्हर निघाले याचं कौतुक इंग्रजांनाही आहे.

मोठ्या रेसिंगवाल्यांनी या खेळाकडे नेहमी जरा खालच्या नजरेने बघितलं, पण डेरेक वॉरिक इथलाच. घरचा ट्रेलर बनवायचा धंदा, पोरगा स्पेडवर्थच्या सुपरस्टॉक्समध्ये, म्हणजे स्टॉक कारच्याच एका प्रकारात, उतरला, १९७३ ला विम्बल्डन स्टेडियमवर वर्ल्ड चॅम्पियन झाला, पुढे खऱ्या फॉर्म्युला वनमध्ये गेला आणि १९९२ ला ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. मार्टिन ब्रंडल पण फॉर्म्युला वनच्या आधी हॉट रॉड चालवायचा.

आणि मग स्टेडियम जायला लागली. न्यू क्रॉस १९६९ लाच बंद झालं. लंडनचं हॅरिंगे १९८७ ला गेलं, तिथे सुपरमार्केट आलं. त्याच वर्षी मँचेस्टरचं बेल व्ह्यू, हाइड रोडवरचं, विकलं गेलं आणि त्या जागी गाड्यांचे लिलाव व्हायला लागले. ब्रँडनला २०१६ नंतर रेसिंग झालंच नाही. विम्बल्डनची शेवटची मीटिंग २०१७ च्या मार्चमध्ये झाली, आता तिथे फुटबॉलचं मैदान आणि फ्लॅट आहेत. कारण सगळीकडे तेच, शहर वाढलं, जमिनीचा भाव वाढला, शेजारी राहायला आलेल्यांना आवाज नको, आणि मालकी क्वचितच रेसिंगवाल्यांची. कुणाला वाटेल एक ट्रॅक गेला तर दुसरीकडे जातील, पण तसं होत नाही, दीडशे किलोमीटर दूरच्या ट्रॅकवर ड्रायव्हर जातो, त्या आजी नाही जात. ज्यांची जागा शहराबाहेर होती ते टिकले: स्केगनेस, बक्सटन, किंग्ज लिन, आणि स्टॅफर्डशरमधलं हेडन्सफर्ड हिल्स, जे पाणी साठवायला बांधलेल्या जुन्या तलावाच्या खोलगट भागात आहे, चारही बाजूंच्या उतारावर लोक बसतात आणि आवाज वर आभाळाकडे जातो.

ब्रँडन बंद झाल्याचं मला घरमालकांच्या फोनवरून कळलं. मी तेव्हा पुण्यात होतो. ते म्हणाले शेवटच्या रात्री लोक मूठभर शेल पिशवीत भरून घेऊन गेले, त्यांनीही नेलं, जॅमच्या बरणीत ठेवलंय, प्रोग्रॅमच्या कपाटातच.

जुन्या गाड्यांचं काय झालं तर बऱ्याच वितळल्या, पण काही शेतांच्या कडेला, गोठ्यामागे, झुडपांत तशाच पडून राहिल्या होत्या. गेल्या काही वर्षांत हेरिटेज स्टॉक कारवाल्यांनी त्या शोधून काढायला सुरुवात केली. जुने फोटो बघून बंपरचा आकार जुळवतात, कोणत्या वर्षी छप्पर कोणत्या रंगाचं होतं ते प्रोग्रॅममधल्या पेन्सिलीच्या नोंदींवरून पडताळतात, आकडा त्याच अक्षरवळणात रंगवतात आणि मोठ्या मीटिंगच्या आधी ट्रॅकवर काढतात. धक्का मारायचा नाही असं आधीच ठरलेलं असतं. पहिली एक-दोन वळणं तरी ते पाळतात.