मोकळ्या सोडलेल्या घोडीचा पाय तिच्याच खुरापासून वाचवताना

आषाढी एकादशी झाली की लग्नसराई थांबते आणि वरातीच्या घोड्या दावणीला लागतात. मराठवाड्यात हाच काळ पावसाचा आणि काळी जमीन चिकट होण्याचा. अगाडी-पछाडीने बांधून कितीतरी दिवस उभी असलेली घोडी उघडीप मिळताच पडीक रानात सोडली जाते. सुटल्या सुटल्या ती उधळते, चौखूर पळते, एकदम थांबते, गर्रकन वळते. संध्याकाळी परतते तेव्हा पुढच्या पायाच्या टाचेतून रक्त येत असतं. मालक रानात काच, पत्रा, तारेचा तुकडा शोधत फिरतो. पुष्कळदा ती जखम तिच्याच मागच्या खुराने केलेली असते.

दुडक्या चालीत मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाजवळ, कधी थेट ठशावरच पडतो. म्हणजे मागचा खूर खाली येण्याआधी पुढच्या खुराने जागा सोडलेली असायला हवी. हा हिशेब सेकंदाच्या अगदी लहानशा भागाचा असतो. चिखलात पुढचा खूर रुतला आणि सुटायला किंचित उशीर झाला, की मागच्या खुराचं टोक पुढच्या टाचेच्या मऊ गादीवर आदळतं. कातडी वरून खाली सोलली जाते आणि एक पापुद्रा लोंबत राहतो. याला ओव्हररीच म्हणतात. कधी मागचा पाय पुढच्या नालावरच पडतो. मग नाल उपटून निघतो आणि त्याच्याबरोबर खुराच्या भिंतीचा तुकडाही जातो.

दुसरी इजा आतल्या बाजूने होते. ज्या घोडीचे खूर बाहेरच्या दिशेला वळलेले असतात, तिचा पाय उचलल्यावर सरळ पुढे न जाता आतल्या बाजूने कमान घेतो आणि शेजारच्या पायाला घासतो. खुराच्या वरच्या सांध्याची आतली बाजू नीट पाहा. तिथले केस झिजलेले असतील, कातडी जाड झाली असेल, तर हे रोजचं चाललं आहे असं समजा.

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो. पुढच्या पायात गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. हाड, त्याच्या मागून जाणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, आणि वर पातळ कातडी, एवढंच. शरीराचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. या भागाला रक्तपुरवठा कमी, हालचाल मात्र सतत, त्यामुळे इथली जखम अंगावरच्या जखमेपेक्षा सावकाश भरते. कित्येकदा कातडी मिळून येण्याआधीच आतलं लाल मांस वर उगवतं आणि कातडीला वाट देत नाही. खूर आणि कातडी जिथे मिळतात त्या कडेला मार बसला, तर तिथून उगवणारा खूर कायमचा चिरलेला राहू शकतो.

म्हणून लोक बूट घेतात, आणि ते उपयोगी आहेतच. खुराभोवती बसणारा रबरी बेल बूट टाच झाकतो. तो मागच्या बाजूने जवळजवळ जमिनीला टेकेल एवढा लांब हवा, नाहीतर नेमकी टाचच उघडी राहते. आतल्या घासण्यासाठी गुडघ्याखालच्या नळीला बांधायचा ब्रशिंग बूट असतो. पण बूट चढवला की काम संपत नाही. त्यात चिखल, वाळू, गोखरू शिरतं आणि कातडी सोलते. ओल्या बुटाखाली कातडी भिजून फुटते. उन्हाळ्यात आणखी एक धोका आहे. पळताना कंडरा स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि सुटते. त्यातली थोडी ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते. चौखूर धावणाऱ्या घोड्यात कंडरेच्या गाभ्याचं तापमान 45 अंश सेल्सिअसपर्यंत चढल्याचं मोजलेलं आहे. वर जाड बूट असेल तर ही उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून रानातून आणल्यावर बूट लगेच काढावेत, पाय धुवावेत आणि उघड्या हाताने चाचपून पाहावेत. घरच्या कापडी पट्ट्या तर मोकळ्या सोडताना नकोतच. एखादी पट्टी सरकली आणि एका जागी आवळली, की तिथली कंडराच दुखावते.

माझं ठाम मत असं, की बुटाआधी नालबंदाला बोलवावं. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. वाढला की पुढचं टोक लांबतं आणि खूर जमिनीवरून सुटायला उशीर होतो. मागच्या खुराला गाठायला तेवढं पुरतं. चालताना नालावर नाल आपटून टक टक ऐकू येत असेल, तर ती याचीच सूचना आहे. घोडी रिकामी म्हणून चातुर्मासात नालबंदी लांबवली जाते, आणि नेमक्या त्याच दिवसांत जमीन पाय धरून ठेवते. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासायलाच हवा. मोठ्या विश्रांतीत मागचे नाल काढून टाकणंही बरं.

उधळण्याचं मूळ बांधून ठेवण्यात आहे. रोज सुटणारी घोडी इतकी वेड्यासारखी पळत नाही. बरेच दिवस बांधली असेल तर आधी लगामाने धरून दहा-पंधरा मिनिटं फिरवा, ओळखीच्या घोडीसोबत सोडा, आणि चिखलाऐवजी मुरमाड माळ निवडा.

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार होतो. घेणारा अंगावरचे केसांचे भोवरे बघतो, दात बघतो, चाल बघतो. त्याने वाकून टाचा आणि पायांच्या आतल्या बाजूही पाहाव्यात.

जखम झालीच, तर स्वच्छ पाण्याची धार सोडून माती काढा, रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. चुना, रॉकेल, जळकं ऑइल लावू नका. त्याने उरलेली निरोगी कातडीही जळते. लोंबणारा पापुद्रा स्वतः कापू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो, म्हणून लस झाली आहे का हे पशुवैद्यकाला आधी सांगा. सांध्याजवळ लहानसं भोक दिसलं आणि त्यातून पिवळसर, तार धरणारा द्रव येत असला, तर तो सांध्यातला असू शकतो. अशा वेळी लंगडणं कमी वाटलं तरी सकाळची वाट न पाहता तालुक्याच्या दवाखान्यात फोन करा, किंवा परभणी वा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा. सांध्यात जंतू शिरले की काही तासांचा उशीरही महागात पडतो.