शेतकरी आठवडे बाजार

शेतकऱ्याने किंवा शेतकरी गटाने स्वतः पिकविलेला भाजीपाला, फळे, धान्ये व कडधान्ये शहरातील ठरलेल्या जागी, आठवड्यातील ठरलेल्या वारी, थेट ग्राहकाला विकण्याची संघटित व्यवस्था. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या (स्थापना १९८४, मुख्यालय पुणे) पुढाकाराने उभी राहिली. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत विधानभवनाच्या आवारात बाजार भरविण्यात आला आणि ‘संत शिरोमणी श्री सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान’ या नावाने ती राज्यभर ओळखली जाऊ लागली. सावता माळी हे सोलापूर जिल्ह्यातील अरणचे (ता. माढा) संतकवी, त्यांचा काळ सामान्यतः तेराव्या शतकाचा उत्तरार्ध मानला जातो.

या बाजाराच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार तो गावोगावच्या जुन्या आठवडे बाजाराचाच पुढचा टप्पा होय. मराठा अमदानीत पेठेच्या कारभारावर शेटे-महाजनांची देखरेख असे आणि विक्रीस आलेल्या मालातून शेव, फसकी यांसारखे वस्तुरूप हक्क वसूल केले जात. तथापि त्या बाजारात शेतकरी, फिरता व्यापारी, कारागीर सारेच बसत. विकणारा हा माल पिकविणाराच असला पाहिजे, असा दंडक तेथे नव्हता. त्यामुळे वार आणि जागा ठरलेली असणे, एवढेच त्या बाजाराशी असलेले नाते खात्रीने सांगता येते. दुसऱ्या मतानुसार ही कल्पना इतर राज्यांकडून आली. पंजाबात १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’, आंध्र प्रदेशात जानेवारी १९९९ मध्ये ‘रयतू बाजार’ आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तमिळनाडूत ‘उळवर संदै’ सुरू झाले. दक्षिणेकडील हे दोन्ही बाजार कायम बांधलेल्या ओट्यांवर रोज भरतात, तर अपनी मंडी वारानुसार शहराच्या वेगवेगळ्या भागांत हलते. महाराष्ट्रातील रचना या दुसऱ्या प्रकाराशी अधिक जुळते.

तिसऱ्या मतानुसार हा बाजार कायद्यातील बदलामुळे जन्माला आला; त्याचा विचार तपशिलाने करणे आवश्यक आहे. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये सुरू झालेला बाजार हा देशातील पहिला नियंत्रित (सरकारी नियमांखाली चालणारा) बाजार समजला जातो. काही अभ्यासक मात्र वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांविषयीच्या १८९७ च्या कायद्यापासून नियमनाची खरी सुरुवात धरतात. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ मध्ये अशा बाजारांची शिफारस केली, १९३९ मध्ये मुंबई प्रांताने कायदा केला आणि पुढे महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (नियमन) अधिनियम, १९६३ आला. या अधिनियमामुळे शेतकऱ्याला बाजार समितीबाहेर विकण्यास बंदी होती व जुलै २०१६ च्या अध्यादेशाने फळे-भाजीपाला नियमनमुक्त केल्यावरच थेट विक्री शक्य झाली, असे सर्रास लिहिले जाते. हे विधान जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. मूळ अधिनियमाच्या कलम ६ मध्येच किरकोळ विक्री आणि शेतकऱ्याने स्वतःच्या मालाची केलेली विक्री यांना परवान्याच्या बंधनातून वगळले होते. टोपली घेऊन चौकात बसणारी शेतकरी बाई त्या कायद्याने कधीच गुन्हेगार ठरली नव्हती. २०१६ च्या बदलाचा खरा लाभ झाला तो अनेकांचा माल एकत्र करून आणणाऱ्या गटांना व शेतकरी उत्पादक कंपन्यांना, कारण समितीच्या आवाराबाहेर फळे-भाज्यांच्या घाऊक खरेदी-विक्रीवरील नियमन त्यामुळे उठले. त्याच सुमारास फळे-भाज्यांवरील अडत (माल विकून देणाऱ्या अडत्याची दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचेही ठरले. हा बाजार कायद्याने जन्माला घातला असे म्हणण्यापेक्षा, आधीपासून शक्य असलेल्या विक्रीला कायद्याने मोठे रूप घेऊ दिले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

बाजाराचा गाळा सहसा एकट्या शेतकऱ्याऐवजी गटाला दिला जातो आणि यामागे व्यवहार आहे. ग्राहकाला एकाच ठिकाणी मेथी, टोमॅटो, कांदा, लिंबू, कोथिंबीर असे सारे हवे असते, तर अल्पभूधारकाच्या शेतात एका वेळी दोन-तीनच पिके तोडणीला आलेली असतात. गटातील एकाची मेथी, दुसऱ्याची गवार, तिसऱ्याची वांगी एकाच टेम्पोत येतात आणि वाहतुकीचा खर्च वाटला जातो. पालेभाजी आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे काढून, माती झटकून, जुड्या बांधून ओल्या गोणपाटाखाली आणतात. टोमॅटो प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, आकार व पक्वता पाहून निवडलेले असतात. बाजार समितीत जी प्रतवारी अडत्याच्या नजरेवर अवलंबून असते, ती येथे घरच्या अंगणात होते व तिचे बरेचसे श्रम स्त्रियांचे असतात.

दर ठरविताना बाजार समितीतील त्या दिवसाचा घाऊक भाव आणि परिसरातील किरकोळ भाव यांच्या मधला आकडा धरण्याची प्रथा आहे. अडत्याकडून मिळणाऱ्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबात) हमाली, तोलाई यांसारख्या कपाती होतात; त्या येथे वाचतात. पण मध्यस्थ गेला म्हणजे त्याचे सर्व उत्पन्न शेतकऱ्याला मिळाले, हा समज चुकीचा आहे. मध्यस्थ जी कामे करतो ती संपत नाहीत, ती शेतकऱ्याकडे येतात. विशेषतः न विकलेल्या मालाची जोखीम. संध्याकाळी उरलेली पालेभाजी दुसऱ्या दिवशी विकता येत नाही आणि पुढचा बाजार आठवड्याने असतो. म्हणून टिकून राहिलेले गट आठवड्यातून निरनिराळ्या वारी अनेक ठिकाणी बसतात आणि लावणीही टप्प्याटप्प्याने करतात, जेणेकरून दर आठवड्याला थोडा थोडा माल हाती येईल. स्थानिक मालाची शहरातील मागणी कितीही वाढली, तरी हे लावणीचे वेळापत्रक जमल्याशिवाय तिचा लाभ शेतकऱ्याला घेता येत नाही. पणन यंत्रणांच्या प्रशिक्षणात या बाजूला जागेच्या वाटपाइतकेच महत्त्व मिळणे अगत्याचे आहे.

पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई व ठाणे या नागरी पट्ट्यात हे बाजार विशेष रुजले. २०२० च्या टाळेबंदीत शेतकरी गटांनी गृहनिर्माण संस्थांच्या दारापर्यंत भाजीपाला पोहोचविला.

गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा आणि बाणस्तारीचा गुरुवारचा बाजार जुने असून तेथे आसपासच्या गावांतील बायका गावठी भाजी, केळी, नारळ घेऊन बसतात. मात्र राज्याची भाजीपाल्याची बरीचशी गरज बेळगाव भागातून भागते. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळ स्थानिक शेतकऱ्यांकडून भाजी खरेदी करून ती आपल्या विक्रीकेंद्रांतून विकते.